भोंगा

वकीलसाहेबांच्या कोटाला तीन खिसे.
एकात नगरपालिकेचा शिक्का,
दुसऱ्यात गिरणीच्या कोळसा-गोदामाची किल्ली,
तिसरा फाटका. त्यातले सुटे पैसे अस्तरात उतरलेले,
चालताना खुळखुळायचे.
मी त्यांचा कारकून. एकवीस वर्षं
तो आवाज ऐकून उठून उभा राहिलो.

संपाचा अकरावा दिवस.
चाटी गल्ली अर्धी उघडी, अर्धी फळ्या लावून.
भोंगा नाही म्हणून सोलापूरला वेळ कळेना.
दूधवाली उशिरा, मुन्सफ उशिरा,
मशिदीतली बांग तेवढी वेळेवर.

साहेब म्हणाले, लिही.
तमाम कामगारांस कळविण्यात येते की
तीन दिवसांत कामावर रुजू न झाल्यास
चाळीतील खोल्या रिकाम्या करून घेण्यात येतील.
खाली सही, मालकातर्फे वकील.
मालक म्हणजे तेच. वकील म्हणजे तेच.
आणि कुणाची हरकत असेल तर अर्ज नगरपालिकेत,
अध्यक्षांच्या नावे.
मी टाक बुडवला. उन्हानं शाई घट्ट झाली होती.

नावांसाठी जुनी दप्तरं सोडली.
लाल फडक्यात म्याकल राजेशमच्या बापाचं वकीलपत्र निघालं.
मागावरच्या कराचा दावा. साहेब तेव्हा सव्वीस वर्षांचे.
फी: एक लुगडं. शेरा: परत केले.
निळा अंगठा, आणि त्याला लागून साहेबांची कोवळी सही,
शेवटच्या अक्षराला उगाच एक लांब शेपूट.
दाखवावं का?
घरी खाणारी सहा तोंडं होती.
मी फडकं पुन्हा बांधलं,
गाठ जरा जास्तच घट्ट बसली.

संध्याकाळी ग्रिफिथ इंजिनिअर आला. मूळचा वेल्सचा,
आमच्याकडे राहून ज्वारीच्या भाकरीला सरावलेला.
म्हणाला, आमच्या खोऱ्यात पण असाच एक वकील होता,
माझ्या आज्याच्या वेळी.
खाण त्याची, कोर्टात तो, गावचे कागद त्याच्याकडे.
एका रात्री खाणवाले पावसात डोंगर उतरले, भाले घेऊन.
मग? साहेबांनी विचारलं.
मग गोळ्या. मग त्या वकिलानं आणखी एक खाण घेतली.
आणि तुझा आजा?
डोंगरावर, ग्रिफिथ म्हणाला, आणि टोपी घेऊन निघाला.

रात्री साहेब गिरणीत गेले. कंदील घेऊन मागे मी.
भोंगा वाजला की पाय आपोआप निघतात, म्हणाले,
सवयीपुढे संप काय टिकतो.
दस्तगीर बंबवाल्याला झोपेतून उठवून आणवला.
तो दारातच थांबला.
"साहेब, बंब थंड हाय. आन मी बी."
फावडं भिंतीला टेकवून गेला,
नीट, पडू नये असं.

मग साहेबांनीच फावडं उचललं.
दाव्याचे कागद उलटावेत तसा कोळसा उलटत होते,
निम्मा भट्टीत, निम्मा पायावर.
काळ्या कोटावर काही दिसेना.
गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्यांवर दिसलं.
दुसरं फावडं माझ्या हाताशीच होतं.
मी कंदील धरून उभा राहिलो.
एकवीस वर्षांतला माझा पहिला नकार.
त्यांना ऐकू गेला नाही.

तीन वाजून वीस मिनिटांनी भोंगा ओरडला.
आधी घोगरा, खाकरल्यासारखा,
मग सिद्धेश्वराच्या तळ्यापार.
चाळींतून एकेक दिवा लागला.
साहेब मोजत होते, ओठ हलत होते.
भोंगा थांबला.
एकेक दिवा विझला.

कचेरीत येऊन त्यांनी नोटीस पुन्हा वाचली.
सहीशेजारी अंगठ्याचा काळा ठसा उमटला.
मी टीपकागद पुढे केला.
असू दे, म्हणाले.

सकाळी ती फाटकावर लागली, ठशासकट.
राजेशमला वाचता येत नव्हतं.
त्यानं बराच वेळ खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं,
आणि मला विचारलं,
"ह्याला पन सही येत न्हाई काय?"